आईचं माफीपत्र

नेपरव्हिलच्या त्या घरात सकाळचा पहिला आवाज तळघरातल्या फर्नेसचा असायचा. धप्पकन ती पेटायची, थोड्या वेळानं जमिनीतल्या जाळ्यांमधून गरम हवा सुटायची, आणि आई स्वयंपाकघरातल्या जाळीवर अनवाणी उभी राहून चहा प्यायची. तेवढी दहा मिनिटं तिच्याशी कोणी बोललेलं तिला चालत नसे. बाबा टाय बांधून, डबा घेऊन शिकागोच्या गाडीसाठी स्टेशनवर निघायचे. गराजचं दार वर जाताना सगळं घर थरथरायचं, आणि ते खाली आलं की आईचा दिवस सुरू व्हायचा. नाशिकला ती शाळेत भूगोल शिकवायची. इथे तिच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. रेडिओवर ऐकलेलं तापमान ती रोज कॅलेंडरवर लिहायची, शाळेत मुलांकडून लिहून घ्यायची तसं. मग पोळ्या, आमटी, कपड्यांच्या घड्या, आणि दुपारी लायब्ररीतून आणलेली पुस्तकं. इंग्रजी ती भराभर वाचायची, पण बोलायची वेळ आली की ओठ मिटून माझ्याकडे बघायची. मी सोळा वर्षांची होते, पुस्तकात तोंड खुपसून बसलेली, आणि आईची दुभाषी असण्याचा मला तेव्हा कंटाळा यायचा.

ते जानेवारीचे दिवस होते. मी शाळेतून आले तेव्हा आई जेवणाच्या टेबलाशी कोट घालून बसली होती. बूट काढलेले नव्हते. बर्फ वितळून लाकडी फरशीवर पाणी झालं होतं, आणि आमच्या घरात असं कधी होत नसे. शेजारी पाटणकर काकू उभ्या होत्या. पाटणकर मूळचे पुण्याचे, आमच्याच रस्त्यावर राहणारे. आई अजून ड्रायव्हिंग शिकत होती, त्यामुळे सामानाला त्या दोघी काकूंच्या गाडीतून जात. काकूंनीच मला सांगितलं, आणि सांगताना आईकडे पाहिलं नाही. त्या बँकेत गेल्या होत्या, आई शेजारच्या मोठ्या दुकानात. तिथे तिनं लोकरीचे हातमोजे घालून पाहिले, बाकीचं सामान काउंटरवर देऊन पैसे भरले, आणि हातमोजे हातात तसेच ठेवून दाराबाहेर पडली. बाहेर एका माणसानं तिच्या कोपराला हात लावला. मागच्या खोलीत नेऊन तिला बसवलं, पोलीस आले, आणि कोर्टाची तारीख लिहिलेला कागद देऊन सोडून दिलं. काकू बँकेतून आल्या तेव्हा आई दोन पोलिसांच्या मधे पार्किंगमध्ये उभी होती.

“मला वाटलं ॲक्सिडेंट झाला,” काकू म्हणाल्या. “देवा रे, म्हटलं ॲक्सिडेंट तरी असू दे.”

आज मी कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकवते. वकिलांच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम करू इच्छिणारी मुलं माझ्याकडे येतात, आणि मालमत्तेविरुद्धचे गुन्हे हा माझा विषय आहे. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना छोटे छोटे प्रसंग देते आणि विचारते, यात गुन्हा कोणता ते ओळखा. शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र न विचारता नेलं, ही चोरी का? हॉटेलच्या कॅशियरनं गल्ल्यातून पैसे काढले, ही चोरी का अफरातफर? उघड्या गराजमध्ये कोणी पावसापासून आडोशाला शिरलं तर त्याला काय म्हणायचं? मुलं भराभर उत्तरं देतात आणि बहुतेक चुकतात, कारण ती हाताकडे बघतात. वस्तू दुसऱ्याची होती, त्यानं संमती दिली नव्हती, आपण ती उचलली, जागेवरून हलवली, हे सगळं कॅमेऱ्यात दिसतं. पाचवी गोष्ट दिसत नाही. ती वस्तू मालकाला कायमची मिळू नये असा हेतू मनात होता का? तो नसेल तर बाकीच्या चार गोष्टी असूनही चोरी होत नाही. वीस वर्षं मी हे शिकवते आहे. अजूनही फळ्यावर पाचवा आकडा लिहिताना माझा खडू मंदावतो.

त्या संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा काकू निघून गेल्या होत्या. मीच त्यांना दारात सगळं सांगितलं, अर्धं इंग्रजीत, कारण काही शब्द मला आईसमोर मराठीत म्हणवेनात. बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि पहिला प्रश्न विचारला, “आणखी कोणी पाहिलं?”

“अहो, मी काय झालं सांगू का…” आई म्हणाली.

“असू दे. आता कारणं नकोत.” ते रागावले नव्हते. त्यांचा आवाज अगदी हळू होता. “झालं ते झालं. यातून बाहेर कसं पडायचं ते बघू.”

त्या रात्री आम्ही कालची खिचडी गरम करून खाल्ली. आईनं पापड भाजले आणि सगळे जळाले. तिनं ते तसेच वाढले आणि आम्ही तसेच खाल्ले.

वकील करावा असं कोणालाच वाटलं नाही. बाबांच्या मते वकील करणं म्हणजे आपण गुन्हेगार आहोत असं स्वतःहून जाहीर करणं होतं. सरळ माणसानं सरळ उभं राहावं, चूक कबूल करावी, माफी मागावी. ते स्वतः असेच वाढले होते. शाळेत कौल फुटला, माफीपत्र. कॉलेजात उशिरा आलं, माफीपत्र. ऑफिसात फाइल हरवली, माफीपत्र. आपल्याकडे लेखी माफी दिली की वरचा माणूस कागद खणात टाकतो, दोन शब्द सुनावतो आणि विषय मिटतो. रविवारी दुपारी पाटणकर काका आले, त्यांनीही हेच सांगितलं. काका इथल्या मराठी मंडळाचे खजिनदार, बोलण्यात मोकळे, आणि तणाव असला की विनोद करायची त्यांना सवय.

“वहिनी, तुमच्यामुळे आपल्या मंडळाचं नाव पेपरात येणार बघा!” असं म्हणून ते एकटेच हसले. मग बाबांना म्हणाले, “अरे सिंपल आहे रे. ट्रॅफिक तिकिटासारखंच असतं हे. जजला रिमोर्स दाखवायचा. एक छान लेटर लिहून द्या, की केस क्लोज. मंजूचं इंग्लिश फर्स्ट क्लास आहे, तिलाच बसवा.”

मला बसवायची गरज नव्हती. मी वही पेन घेऊन आधीच बसले होते. हे मला आज लिहिताना सगळ्यात जड जातं. घरावर संकट आलं होतं, आणि माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात आनंद होता, की अखेर माझं वाचन कोणाच्या तरी उपयोगी पडणार. आमच्या इंग्रजीच्या बाई माझे निबंध वर्गात वाचून दाखवत. मी ठरवलं, असं पत्र लिहायचं की न्यायाधीश वाचून थबकला पाहिजे.

आई ओट्याशी पाठ करून उभी होती. कुकरची तिसरी शिट्टी झाल्यावर तिनं गॅस बंद केला. बाबा म्हणाले, “हे बघ, माफी मागायची तर अर्धी नाही. आणखी कधी असं काही झालं असेल तर तेही सांगून टाक. म्हणजे मन मोकळं होईल.”

आईनं कुकर उतरवून बाजूला ठेवला. मग म्हणाली, “चार वर्षांपूर्वी धुण्याच्या पावडरीचा डबा. दुकानातल्या गाडीच्या खालच्या फळीवर राहिला होता. बिलात आलाच नाही.”

“कळलं कधी?”

“घरी आल्यावर. मी म्हटलं तुम्हाला. बर्फ पडत होता, तुम्ही म्हणालात, पुढच्या वेळी देऊन टाकू.”

“मग दिला?”

“राहिलंच.”

बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. “लिही, मंजू,” ते म्हणाले.

मी लिहिलं. बर्फ लिहिला नाही आणि ‘पुढच्या वेळी देऊन टाकू’ हेही लिहिलं नाही, कारण त्यानं वाक्याचा जोर जात होता. इंग्रजीत मी जे लिहिलं त्याचा अर्थ असा होता: ‘मी मोहाला बळी पडले. दुकानातून बाहेर पडताना मला ठाऊक होतं की मी जे घालून चालले आहे ते माझं नाही. आणि प्रामाणिकपणे कबूल करते, की यापूर्वीही एकदा मी अशीच एक वस्तू पैसे न देता नेली होती आणि ती आपली नाही हे जाणून वापरली होती.’ पुढे पश्चात्तापाबद्दल दीड पान होतं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. काका म्हणाले, “वा!” बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं हात पुसले, पेन घेतलं, आणि जिथे मी बोट ठेवलं होतं तिथे सही केली. ती सही नेहमीसारखीच गोल, शाळेतल्या प्रगतिपुस्तकावरच्यासारखी होती.

कोर्टात सगळं दहा मिनिटांत झालं. लांब बाकांवर आमच्यासारखीच माणसं बसली होती, कोणी सिग्नल तोडलेली, कोणी शेजाऱ्याशी भांडलेली. एका पोराच्या मांडीवर हेल्मेट होतं आणि ते तो सारखं फिरवत होता. आईनं सुती साडीवर बाबांचा जाड कोट घातला होता. न्यायाधीशबाईंनी पत्र वाचलं, दुसऱ्या पानाशी चष्मा वर केला, आणि आईकडे पाहून मान हलवली. त्या भल्या होत्या हे मी आजही म्हणेन. किरकोळ चोरी म्हणून नोंद, थोडा दंड, काही महिने पुन्हा काही करायचं नाही, की कोर्टाच्या दृष्टीनं प्रकरण संपलं. पत्र मात्र फाइलला लावलं गेलं. येताना बाबांनी डोनट घेतले. “बघ, म्हटलं नव्हतं?” ते म्हणाले. आईनं तिचा डोनट कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि दोन दिवसांनी तो तिथेच सापडला.

त्यानंतर आई दुकानात एकटी गेली नाही. आमच्याबरोबर आली तरी दोन्ही हात गाडीच्या दांडीवर, सगळ्यांना दिसतील असे. एखादी वस्तू हवी असली तर हनुवटीनं दाखवायची, मग मी ती उचलायची. मंडळाच्या पाडव्याला ती गेली नाही, पुढच्या संक्रांतीलाही नाही. काकू तिळगूळ घेऊन घरी आल्या, तेव्हा दोघी हवामानावर बोलल्या. मला तिचा रागच यायचा. “आई, इट्स ओव्हर. लेट इट गो,” मी म्हणायचे. ती म्हणायची, “हो गं बाई,” आणि ताटं घ्यायला उठायची.

दीड वर्षानं नाशिकहून फोन आला, की आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला आहे. आई तीन आठवड्यांसाठी गेली. जाताना फ्रीजमध्ये डब्यांवर चिकटपट्ट्या लावून वार लिहून गेली: सोमवार भरली वांगी, मंगळवार उसळ. एकवीस दिवसांचं तिनं करून ठेवलं होतं. आजोबा सोळाव्या दिवशी गेले. परतीसाठी तिला पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घ्यायचा होता, आणि अर्जात प्रश्न होता, कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का. बाबांनी फोनवर बजावलं, “खरं लिही. काही लपवायचं नाही. मी कोर्टाचे सगळे कागद पाठवतो, सगळे दे त्यांना.” त्यांनी शिक्के मारून घेतलेल्या प्रती कुरिअरनं पाठवल्या, अनुक्रमे लावून, पिना मारून. मुंबईत व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या तरुण माणसानं ते कागद वाचायला घेतले. आई सांगायची, त्यानं बाकीचे भराभर उलटले, पत्रापाशी थांबला. मी ठरवलं होतं तसंच.

व्हिसा नाकारला.

बाबा मला घेऊन शिकागोला एका वकीलबाईंकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते वकिलाची पायरी चढले. अकराव्या मजल्यावरची लहानशी खोली होती, खाली रेल्वेचे रूळ दिसायचे. बाईंनी पत्र टेबलावर सरळ केलं आणि ओळीखाली बोट धरून वाचलं. मग त्यांनी अगदी सावकाश समजावून सांगितलं. चोरी हा नीतिमत्तेशी संबंधित गुन्हा मानला जातो, रक्कम कितीही लहान असो. पण असा किरकोळ गुन्हा आयुष्यात एकदाच झाला असेल तर इमिग्रेशनचा कायदा त्याकडे काणाडोळा करतो. एकदाच. दुसरा असेल तर दार बंद. आणि दुसऱ्याबद्दल कोर्टात जावं लागलेलं असायला हवं असं नाही, सहीनिशी कबुली असली तरी धरता येतं.

“पण तो डबा चुकून राहिला होता,” बाबा म्हणाले.

“पत्रात तसं नाही,” बाई म्हणाल्या. “हे पत्र कोणी लिहिलं?”

“माझ्या मुलीनं.” बाबा किंचित ताठ बसले. अजूनही, त्या खुर्चीतही, त्यांच्या आवाजात कौतुक होतं. “तिचं इंग्लिश फार चांगलं आहे.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. खालून गाडी गेली, खिडकीच्या काचा वाजल्या. नंतरच्या आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ कठोर बोलून दाखवलं, पण त्या बाईंनी जी नजर काढून घेतली त्याच्या जवळपास काही येत नाही.

माफीसाठी एक वेगळा अर्ज असतो. तो दोनदा केला आणि दोनदा नाकारला गेला. बाबांनी नोकरी सोडून परत जायचं, असं दर वर्षी ठरायचं. आधी माझं कॉलेज होतं, मग माझी कायद्याची पदवी, मग त्यांच्या कंपनीतली माणसं कमी झाली आणि उरलेल्यांना हलता येईना. ते दर डिसेंबरला तीन आठवडे नाशिकला जायचे. इथे ते मेतकूट भात खायचे, सोमवारी, मंगळवारी, सगळ्या वारी. निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं आणि विमानप्रवास संपला. तिला येता येत नव्हतं आणि त्यांना जाता येत नव्हतं. मी नागरिक झाल्यावर आईला म्हटलं, आता मी तुझ्यासाठी अर्ज करते, आता वेगळा मार्ग आहे. ती म्हणाली, “त्या खिडकीसमोर मी पुन्हा उभी राहणार नाही, मंजे. तू ये, तुला हवं तितकं ये.”

कायद्याच्या पहिल्या वर्षी प्राध्यापकांनी चोरीची व्याख्या फळ्यावर लिहिली, तेव्हा मी वहीत डाव्या बाजूला माझं पत्र आठवून लिहून काढलं आणि उजव्या बाजूला ती पाच अंगं. पावडरीच्या डब्यात चोरी नव्हती. डबा दुकानाबाहेर आला तेव्हा त्याची कोणाला खबरही नव्हती. नंतर ठेवून घेतला ही निराळी गोष्ट, आणि त्यावर माझे विद्यार्थी आज अर्धा तास वाद घालतात. पण हातमोज्यांपाशी मी अडले. चार अंगं भरली आणि पाचव्यासमोर माझ्याकडे लिहायला काही नव्हतं. पत्रातलं ‘मला ठाऊक होतं’ हे माझं वाक्य होतं, तिचं नव्हतं. बाहेर पडताना तिच्या मनात काय होतं ते मला माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं. काकूंनी, काकांनी, पोलिसांनी, न्यायाधीशबाईंनी, कोणी तिला विचारलं नव्हतं. तिनं एकदा सांगायला सुरुवात केली होती, तेव्हा कारणं नकोत असं ठरलं होतं.

हे कळल्यानंतरही मी सोळा वर्षं विचारलं नाही. ती ‘हो’ म्हणाली तर काय करायचं, आणि ‘नाही’ म्हणाली तर काय करायचं, या दोन्हींची मला भीती वाटायची.

शेवटी विचारलं ते नाशिकच्या हॉस्पिटलात. पोटात पाणी झालं होतं, डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं होतं. दुपार होती. खालच्या रस्त्यावर कोणी तरी जुनी भांडी ठोकून सरळ करत होतं. मी तिला मोसंबीचा रस चमच्यानं देत होते.

“आई, त्या दिवशी दुकानात नक्की काय झालं होतं?”

तिनं चमचा बाजूला केला. “आता विचारतेस?”

“हो.”

“घातलेले विसरलेच होते. पैसे देताना त्या मुलीनं काही तरी विचारलं, मला कळलं नाही, गोंधळले. दारापाशी आल्यावर लक्षात आलं. मागे बघितलं तर ही मोठी लाइन. सगळ्या बायका बघणार, त्या मुलीला इंग्रजीत समजावून सांगायचं, तू नाहीस बरोबर. म्हटलं, उद्या मंजूला घेऊन येऊ आणि पैसे देऊन टाकू.” तिनं चादर छातीपर्यंत ओढली. “म्हणजे चोरीच ना गं ती? लक्षात आल्यावरही गेलेच की मी बाहेर.”

“नाही, आई.” माझा आवाज वर्गातल्यासारखा आला, त्याला माझा इलाज नव्हता. “पैसे देऊन टाकायचं मनात होतं ना? मग कायद्यानं ती चोरी नाही. कोर्टानं विश्वास ठेवला असता की नाही सांगता येत नाही. पण चोरी नाही.”

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग ती हसली, पोट दुखतं म्हणून अर्धवटच. “एवढी पुस्तकं वाचायचीस तेव्हा.”

“सोळा वर्षांची होते गं मी.”

“हो. आणि मी एक्केचाळीस. मला तरी कुठं बोलता आलं?” तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. “यांना नको सांगूस. त्यांनी मला सोडवायलाच केलं सगळं. आता कळलं तर त्या मशीनवर बसून तेच घोकत राहतील.”

त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली. दहावा-तेरावा मामांनी केला. मी परतले तेव्हा बाबा डायलिसिसच्या खुर्चीत होते, हातातून दोन नळ्या निघालेल्या, अंगावर दवाखान्याची पातळ चादर. मी शेजारी स्टूल ओढून बसले. ते यंत्राच्या आकड्यांकडे पाहत होते. नजर न हलवता त्यांनी विचारलं, “शेवटी काही म्हणाली का? त्या सगळ्याबद्दल?”

माझ्या वडिलांशी मी कधी खोटं बोलले नव्हते. त्यांनी ते मला शिकवलंच नव्हतं.

“नाही, बाबा,” मी म्हटलं. “तो विषय निघालाच नाही.”

त्यांनी मान हलवली. नर्स आली, नळी तपासली, आणि अजून दीड तास लागेल असं म्हणाली. मागच्या पावसाळ्यात बाबाही गेले. म्हणून हे आता लिहिता आलं.